इंजिन आलं तसंच आहे

माझी थोरली बहीण मेव्हिस आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही, आणि त्याचा ताप आम्हा बाकीच्यांना झाला. तिच्या लग्नात आमच्या मावशीने चिनीमातीचा एक भलामोठा कुत्रा दिला होता. पुढे मावशीने कौतुकाने विचारलं, "कुठे मांडलास गं?" तर ही म्हणाली, "संडासात. तिथलं दार आपोआप मिटतं ना, त्याला टेकवून." मावशीने त्यानंतर मरेपर्यंत आमच्या घरचा केक तोंडात घातला नाही.

तिचा नवरा क्लिफर्ड ॲक्रॉइड. हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. मी पॉलीन, धाकटी. माझा नवरा गेल्यापासून मी यांच्या पलीकडच्या गल्लीत राहते आणि यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून जगते. गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडायची आणि दर सुट्टीला ब्रिडलिंग्टनच्या समुद्रावर जाऊन त्याच खुर्चीत बसून तोच वारा आणि तीच ओली सँडविचेस खायची, हा आमचा उद्योग. तक्रार नाही. मला तो आवडतो.

गाडीचा विमा मात्र मेव्हिसच्या नावावर, कारण घरातला कागद क्लिफर्डच्या हाती गेला की त्यावर रंगाचा डबा ठेवला जातो. मार्चमध्ये विमा नव्याने करायचा असतो. लोक तो संगणकावर दोन बटणं दाबून करतात. मेव्हिस फोन करते. फोन स्पीकरवर ठेवते, मला साक्षीला बसवते आणि पलीकडच्या मुलीचा जीव खाते.

"गाडीत काही बदल केलेत का, मिसेस ॲक्रॉइड?"

"केलेत की. लिहून घे. कॅरॅव्हॅन ओढायचा हूक बसवलाय. चाकांमागे चिखल अडवायला रबरी फडकी. सीटना खोळी, त्या मी शिवल्यात. मागच्या काचेपाशी टिश्यूचा डबा, त्याला विणलेलं आवरण आहे. आरशाला वासाचं, पुठ्ठ्याचं पाइनचं झाड, पण त्याचा वास गेलाय."

"हुकाची नोंद आहे आमच्याकडे. बाकीचं नाही सांगितलंत तरी चालेल."

"चालेल काय, उद्या अपघात झाला आणि तुमचा माणूस म्हणाला, बाई, हे आवरण कुठून आलं?"

"इंजिनात काही बदल?"

"छे. इंजिन कारखान्यातून आलं तसंच आहे."

नेमकं याच वेळी क्लिफर्ड दर वर्षी उठून स्वयंपाकघरात बजीच्या पिंजऱ्यातलं पाणी बदलायला जायचा. मला वाटायचं, काय माया आहे या माणसाची पक्ष्यावर.

आता गॅरोबीच्या चढाबद्दल सांगायला हवं. यॉर्क सोडून समुद्राकडे निघालं की वाटेत हा चढ उभा राहतो. नुसती गाडी असेल तर काही वाटत नाही, मागे कॅरॅव्हॅन असेल तर देव आठवतो. आमच्या कॅरॅव्हॅन क्लबाची सगळी बिऱ्हाडं एकाच सकाळी निघतात, आणि त्या चढावर शर्यत होते. तिला शर्यत म्हणायचं नाही. पण वर चहाच्या टपरीपाशी आधी कोण पोहोचलं होतं आणि कुणाच्या चहाचा पेला रिकामा झालाय, हे सगळ्यांचे डोळे बघतात. खरा सामना क्लिफर्ड आणि डेस्मंड पिकल्स यांच्यात. डेस्मंड माजी टपालवाला, आणि त्याचा एक हात सदैव खिडकीबाहेर.

गेली काही वर्षं आमचा क्लिफर्डच आधी पोहोचायचा. मग वर टपरीपाशी त्याचं प्रवचन सुरू व्हायचं. "सगळं तिसऱ्या गिअरमध्ये आहे. लोक घाबरून दुसरा टाकतात. इंजिनाचं ऐकायचं. बायकोचं ऐकता तसं नाही, खरोखर ऐकायचं." नवे सभासद माना डोलवायचे. एकाने तर हे लिहून घेतलेलं मी पाहिलंय.

क्लिफर्डचं दुसरं प्रवचन पाण्याचं. हॅलिफॅक्सचं पाणी मऊ, ब्रिडलिंग्टनचं खडूच्या डोंगरातून येणारं, जड. त्या पाण्याच्या चहावर साय धरते आणि चहा शाई लागतो, असं त्याचं म्हणणं. बाकी सगळं जग मुक्कामी नळावर पाणी भरतं. हा निघायच्या आदल्या संध्याकाळी घरचं पाणी दोन मोठ्या पिंपांत भरून कॅरॅव्हॅनमध्ये चढवणार. शिवाय बीन्सचे डबे, कारण तिकडचं दुकान लुटतं. शिवाय हत्यारांची लोखंडी पेटी, कारण काही बिघडलं तर. कधी काही बिघडलं नाही. आणि मुक्कामी पहिला घोट घेऊन हा डोळे मिटून म्हणायचा, "याला म्हणतात चहा. घरचं पाणी."

मध्ये एकदाच, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, घात झाला. चढाच्या मध्यावर आमची गाडी धापा टाकायला लागली. तिसरा गेला, दुसरा गेला, शेवटी पहिल्यात कशीबशी वर आलो. डेस्मंडने हात हलवत आम्हाला मागे टाकलं, मग एका ट्रॅक्टरनेही टाकलं. टपरीपाशी त्या दिवशी प्रवचन झालं नाही. सुट्टीभर क्लिफर्ड समुद्राकडे पाठ करून बसला होता. "हात गेला गं माझा, पॉलीन," तो एकदाच म्हणाला, आणि मला त्याची इतकी दया आली की मी माझं आइस्क्रीम त्याला दिलं. पण ऑगस्टमध्ये पुन्हा निघालो तर गाडी आपली सुरळीत वर. पुन्हा तिसरा गिअर, पुन्हा प्रवचन. आम्ही म्हटलं, झाला असेल काही कचरा.

यंदा फेब्रुवारीत क्लबाचं हिवाळी जेवण होतं. बीफ, बटाटे, ताटाएवढं यॉर्कशर पुडिंग. डेस्मंडचं तोंड मात्र उतरलेलं. ऑक्टोबरात एका चौकात त्याच्याकडून कुणाच्या तरी गाडीला धडक बसली होती. विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला आला, त्याने यंत्र लावलं, आणि डेस्मंडने इंजिनाचा रिमॅप केलाय हे बाहेर आलं.

"म्हणजे काय केलं?" मेव्हिसने विचारलं.

"आजकालच्या इंजिनाला मेंदू असतो," डेस्मंड पुडिंगकडे बघत म्हणाला. "एक माणूस व्हॅन घेऊन येतो, स्टिअरिंगखाली तार खोचतो, लॅपटॉपवरून मेंदूत दुसरं भरतो. तासाभराचं काम. तेच इंजिन, जोर दीडपट. फक्त विमावाल्यांना कळवायचं असतं. मी नव्हतं कळवलं."

"मग?"

"मग काय. म्हणाले, तुमचा विमा धरतच नाही आम्ही. दोन्ही गाड्यांचं मलाच भरावं लागलं. वर कुठेही विमा मागायला गेलो की आधी हे सांगायचं, आणि सांगितलं की लोक फोन ठेवतात."

टेबलाभोवतीचे पुरुष एकदम गप्प झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. एकाने ग्रेव्ही मागितली, त्याच्यासमोरच ग्रेव्ही होती. आणि या शांततेत माझी बहीण खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचा क्लिफर्ड बाई असलं काही करायचा नाही. मी दर वर्षी माझ्या तोंडाने सांगते त्यांना, इंजिन आलं तसंच आहे. माझा शब्द आहे तो."

क्लिफर्डला ठसका लागला. मी त्याच्या पाठीत थोपटलं. बीफ जरा कडकच होतं त्या दिवशी.

दोन दिवसांनी तो एकटाच माझ्याकडे आला, टोपी हातात घेऊन. माझ्याकडे हा माणूस टोपी कधी काढत नाही, टक्कल माझ्यापासून लपवण्यात त्याची हयात गेली.

"पॉलीन, मीपण केलाय."

"काय केलायस?"

"ते. व्हॅनवाला. पाच वर्षं झाली."

मी हातातला कप खाली ठेवला. माझं डोकंच फिरलं. गाडीचं मला काही नाही, त्यात रॉकेट बसवलं असतं तरी मी मागे बसून कोडं सोडवलं असतं. पण त्या बाईला दर मार्चमध्ये फोनवर बसवून हा तिच्या तोंडून खोटं वदवत होता आणि स्वतः बजीला पाणी घालत होता.

"अरे, तिला माहीत नाही ते खोटं आहे."

"म्हणूनच तर. तिला माहीत नाही, म्हणजे ती खोटं बोलत नाही. असं मी धरलं होतं."

"छान धरलंस."

"आता मंगळवारी फोन आहे तिचा. तू सांगशील तिला? तुझं ऐकते ती."

"माझं कुणी ऐकत नाही आणि मी सांगणार नाही. तुझ्या तोंडाने सांग. आणि तिसऱ्या गिअरचं काय? त्या बिचाऱ्याने लिहून घेतलंय."

तो हातातली टोपी फिरवू लागला. "तेच तर आहे गं. बस सुटली हातातली, तेव्हा उरलं काय होतं माझ्याकडे? क्लबात लोक विचारायला येतात, क्लिफर्ड, हा चढ कसा घ्यायचा. हे कळलं की संपलं. आणि ती... तिला मी खोटं पाडलं हे कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, त्याचीच भीती वाटते."

मला राग होता, तो निम्मा उतरला. निम्मा ठेवला मी, मंगळवारसाठी.

मंगळवारी फोन लागला. हूक, फडकी, खोळी, टिश्यूचं आवरण. पाइनचं झाड बदलून यंदा लिंबाचं घेतलं होतं, तेही तिने सांगितलं. पलीकडची मुलगी नवी होती, तिने लिंबू लिहूनही घेतलं असावं.

"इंजिनात काही बदल, मिसेस ॲक्रॉइड?"

क्लिफर्ड उठला. मी मनात म्हटलं, जा, जा बजीकडे, मी आयुष्यभर तुला तोंडावर भित्रा म्हणेन. तो दारापर्यंत गेला आणि मेव्हिस म्हणाली, "छे. इंजिन कारखान्यातून—"

"आलं तसं नाहीये," क्लिफर्ड दाराकडे तोंड करूनच म्हणाला.

मग तो वळला आणि सगळं सांगितलं, व्हॅन, तार, लॅपटॉप, गॅरोबी. ते स्पीकरवर सांगतोय हे त्याच्या लक्षात नव्हतं. विमा कंपनीच्या त्या मुलीने यॉर्कशरमधल्या एका निवृत्त बसचालकाचा कबुलीजबाब हुंकार देत ऐकला.

मेव्हिसने चष्मा काढला. फोनजवळ वाकून ती म्हणाली, "ऐकलंस ना बाळा? तर पाच वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले. मेव्हिस ॲक्रॉइड. लिहून घे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, मिसेस ॲक्रॉइड."

"माहीत करून घ्यायला हवं होतं. माझ्याच घरात राहतो तो."

मुलगी चांगली होती. ती म्हणाली, आपण होऊन सांगितलंत हे बरं झालं, अपघात काही नाही, हप्ता थोडा वाढेल; फक्त इंजिनाचा जोर आता नेमका किती आहे, ते त्या व्हॅनवाल्याकडून मोजून कळवा.

त्यानंतर मेव्हिस क्लिफर्डशी बोलेना. भांडणही नाही. जेवायला वाढायची, बटर पुढे सरकवायची, आणि नजर त्याच्या कानामागच्या भिंतीवर. तो माझ्याकडे येऊन म्हणायचा, "ओरडली असती तर बरं झालं असतं गं." मी म्हणायचे, "तुझ्या सोयीने कोण ओरडेल?" पण मला बहिणीकडे बघवत नव्हतं. तिच्या अंगावरचा कोट कुणी तरी काढून नेल्यासारखी ती घरभर हिंडायची.

शनिवारी व्हॅनवाला आला. जाड, आनंदी माणूस, तोंडात सॉसेज रोल. त्याने स्टिअरिंगखाली तार खोचली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चावणं थांबवलं.

"माझं काम यात नाहीये."

"नाहीये म्हणजे?" क्लिफर्ड.

"पुसलंय कुणी तरी. इंजिन कारखान्यातून आलं तसंच आहे. कंपनीच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती का? ते लोक नवीन सॉफ्टवेअर भरतात, त्यात आमचं पुसलं जातं. हे बघा, तारीख आहे. दोन वर्षांपूर्वी, एप्रिल."

दोन वर्षांपूर्वी एप्रिल, आणि मे महिन्यात गॅरोबीवर आम्ही ट्रॅक्टरच्या मागे. माझं गणित जुळायला थोडा वेळ लागला. क्लिफर्डचं माझ्याआधी जुळलं.

"म्हणजे ऑगस्टपासून... त्यानंतरचे सगळे चढ मी..." त्याचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "पॉलीन, मेव्हिस, अगं मी साध्या इंजिनावर चढलोय. डेस्मंडच्या दीडपट इंजिनाला मागे टाकून. तिसऱ्या गिअरमध्ये. हात गेला नव्हता माझा." म्हातारा ड्राइव्हवेवर अक्षरशः दोन पावलं नाचला. मग खिशातून फोन काढला. "डेस्मंडला सांगतो. सगळ्या क्लबाला सांगतो."

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी मेव्हिसकडे पाहिलं. आता तरी हसेल, आता तरी बोलेल. तर ती ड्राइव्हवेशेजारच्या हायड्रेंजियाच्या झुडपाकडे बघत उभी. हे झुडूप गेल्या दोन उन्हाळ्यांत असं माजलंय की शेजारी रोपं मागायला येतात.

"क्लिफर्ड," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा. "फोन ठेव."

"अगं, पण—"

"ठेव म्हणते ना. तू नाही चढलास. मी पाणी ओतलं."

"कुठलं पाणी?"

"घरचं. मे महिन्यात तुझी ती दशा झाली, सुट्टीभर जेवला नाहीस. मला वाटलं, वय झालं याचं, हे वजन आता याच्याने ओढवत नाही. पण तुला तसं सांगितलं असतं तर तू उभा मेला असतास. म्हणून ऑगस्टपासून निघायच्या सकाळी, तू दाढीला गेलास की, रबरी नळी लावून दोन्ही पिंपं हायड्रेंजियाला सोडते. बीन्सचे डबे गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली. हत्यारांची पेटीपण तिथेच."

मला एकदम सगळं दिसलं. ब्रिडलिंग्टनला पोहोचलो की क्लिफर्ड कॅरॅव्हॅनला जोडायचा तंबू ठोकायला घ्यायचा, एकेक खुंटी पाणसळ लावून, आणि मेव्हिस पिंप लोळवत नळाकडे जायची. मी खुर्चीत कोडं सोडवत बघायचे आणि म्हणायचे, भांड्यांना आणत असेल.

क्लिफर्डला मात्र दुसरंच दिसलं होतं. त्याच्या हातातला फोन हळूहळू खाली आला.

"मग चहा?"

मेव्हिस हायड्रेंजियाचं एक वाळकं पान तोडू लागली.

"दोन वर्षं मी तिथे कुठल्या पाण्याचा चहा प्यायलो?"

"ब्रिडलिंग्टनच्या."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून. 'घरचं पाणी' म्हणायचास आणि मी 'हो' म्हणायचे." तिने हातातलं पान चुरगाळलं. "चार दिवस तुझ्याशी बोलले नाही ते तुझ्या रागाने असं वाटलं ना तुला? मी विमावाल्या पोरीला ऐटीत म्हणाले, मी खोटं बोलले, लिहून घे. आणि हे पोटात ठेवून बसले होते. त्यांना सांगितलेलं खोटं तरी मला ठाऊक नव्हतं."

व्हॅनवाला सॉसेज रोल संपवून हळूच निघून गेला. पैसेही मागितले नाहीत त्याने. क्लिफर्ड गाडीच्या टपावर हात ठेवून उभा. एका सकाळी त्याचा हात परत आला आणि परत गेला, इंजिन गेलं, आणि वर जिभेची अब्रूही गेली. मला वाटलं, आता हा महिनाभर भिंतीशी बोलणार. पण तो बायकोकडे बघत म्हणाला, "म्हणजे तू मला दोन वर्षं उचलून नेत होतीस."

"पाणी तेवढं उतरवत होते," मेव्हिस म्हणाली.

सोमवारी तिने पुन्हा फोन लावला. इंजिन आलं तसंच आहे, हे तिने सांगितलं, आणि या खेपेला क्लिफर्ड शेजारी बसून होता. मुलीने विचारलं, आणखी काही? मेव्हिसने एक श्वास घेतला आणि पिंपांची हकिगत सुरू केली. मुलगी म्हणाली, तेवढं आम्ही धरत नाही, मिसेस ॲक्रॉइड.

ईस्टरला आम्ही निघालो. आदल्या संध्याकाळी क्लिफर्डने सवयीने पिंपं भरली. सकाळी दाढी झाल्यावर तो खाली आला, मेव्हिसच्या हातातून नळी घेतली आणि स्वतः उभा राहून हायड्रेंजियाला पाणी सोडलं, शेवटच्या थेंबापर्यंत. गॅरोबीवर पुढे डेस्मंड होता. त्याला मुश्किलीने मिळालेल्या नव्या विम्यासाठी त्यानेही इंजिन मूळपदावर आणलं होतं. दोन म्हातारे दुसऱ्या गिअरमध्ये एकामागे एक वर चढले, मागे अर्ध्या यॉर्कशरची रांग लागलेली. टपरीपाशी तो वही घेतलेला सभासद आलाच. क्लिफर्ड त्याला म्हणाला, "सामान कमी घे. आणि बायकोला विचार, ती काय काढून ठेवते."

मुक्कामी मेव्हिसने नळावरून पिंप लोळवत आणलं, उघड्यावर, सगळ्यांसमोर. किटली ठेवली. क्लिफर्डने पहिला घोट घेतला, डोळे उघडे ठेवून. बराच वेळ तोंडात घोळवला.

"शाई," तो म्हणाला.

"बघ," मेव्हिस माझ्याकडे वळून म्हणाली, आणि फेब्रुवारीनंतर ती प्रथमच हसत होती, "दोन वर्षं अमृत होतं. खरं काय ते सांगितलं आणि चहा बिघडला."

त्याने कप रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला. "ओत अजून."